स्पॅनिशचा वर्ग घेतेय, 'टेबल बाई कशी?' इथेच गाडी अडलीय

वर्गवाली

नमस्कार मंडळी, अडलंय म्हणून इथे विचारतेय. मी स्पॅनिश बी-वन म्हणजे मधल्या पातळीपर्यंत शिकलेय, पंडित वगैरे अजिबात नाही, पण सोसायटीत हे कळलं आणि धोशाच लागला की सुट्टीत पोरांना थोडं शिकव, मग क्लबहाऊसमध्ये सहा रविवार दीड-दीड तास घ्यायचे असं ठरलं. अकरा जण आहेत. सातवी-आठवीची सहा पोरं, कॉलेजातल्या दोघी, पोरांना सोडायला आलेल्या आणि तिथेच बसलेल्या दोन आया, आणि एक काका. काकांचं वय ६८, मुलगा माद्रिदला असतो, सप्टेंबरात तीन महिन्यांसाठी निघालेत, आणि गृहपाठ फक्त तेच करतात.

पहिला रविवार मी पार घालवला. ओला (नमस्कार), ग्रासियास (धन्यवाद) झालं, मग फळ्यावर दोन रकाने आखले, एल आणि ला, म्हणजे नामाआधी लागणारे पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी शब्द, आणि मला क्लासमध्ये इंग्रजीतून जसं शिकवलं होतं तसंच सुरू केलं, की बरं का, स्पॅनिशमध्ये प्रत्येक वस्तूला लिंग असतं. एल लिब्रो म्हणजे पुस्तक, ला मेसा म्हणजे टेबल. तर आठवीतला एकजण म्हणाला ताई, टेबल बाई कशी काय? झालं. पुढची वीस मिनिटं नुसतं खिदळणं. काकांनी तेवढ्यात वहीत नीट लिहून घेतलं, "टेबल – बाई".

मग संस्कृती म्हणून बैल, फ्लामेंको, फुटबॉल असे फोटो दाखवले, फुटबॉल सोडून सगळ्यावर जांभया. नकाशा लावला तर पहिला प्रश्न, यात ब्राझील कुठाय.

आता दुसरा रविवार डोक्यावर आलाय. लिंग कसं समजावू, आणि नकाशा-संस्कृती हे सगळं वेगळं वेगळं न वाटता कसं घेऊ? कोणी शिकवलंय का मराठी पोरांना?

जुनी खोड

मी बरीच वर्षं शिकवलंय. मुळात तुम्ही इंग्रजीच्या दारातून आत शिरलात तिथेच गडबड झाली. इंग्रजीवाल्यांना वस्तूला लिंग असतं याचंच नवल, म्हणून त्यांची पुस्तकं त्यावर दोन-दोन पानं खर्च करतात, आपण तर बोलायला लागल्यापासून खुर्ची ती, पलंग तो, कपाट ते करत आलोय आणि पलंग बाप्या कसा असं कोणी आजवर विचारलं नाही. मग स्पॅनिश टेबलानेच काय घोडं मारलंय!

पुढच्या रविवारी फळ्यावर एल-ला लिहूच नका. पोरांना विचारा, बस? ती. ट्रक? तो. ऑफिस? ते. सगळे एका सुरात सांगतील. मग विचारा की हे तुम्हाला कोणी शिकवलं, हे शब्द तर इंग्रजीतून आले, तिथे त्यांना लिंग नव्हतंच, आपणच दिलं. एवढं झालं की सांगा स्पॅनिश लोक तेच करतात, वायफायला कोणी एल लावतं कोणी ला, आपल्याकडे तरी कुठे एकमत आहे. बाई-पुरुष हे शब्द वर्गात काढायचेच नाहीत, एलवाले आणि लावाले म्हणायचं, संपलं.

विशेषणाचं पण तसंच. काळा-काळी तसं नेग्रो-नेग्रा. आणि आपल्याकडे लाल कधी बदलत नाही, लाल फ्रॉक लाल साडी, हिरवा मात्र बदलतो. तिकडे बरोबर उलटं, वेर्दे म्हणजे हिरवा तो बदलत नाही आणि लाल बदलतो, रोखो-रोखा. पोरांना ही अदलाबदल फार आवडते.

आणि एक गोष्ट पहिल्या महिन्यातच दाखवा. मला चहा आवडतो, मे गुस्ता एल ते. मला पुस्तकं आवडतात, मे गुस्तान लोस लिब्रोस. क्रियापद चहाच्या आणि पुस्तकांच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. इंग्रजीतून शिकणारे इथे सहा महिने ठेचकाळतात, आपल्या पोरांना मराठीतून सांगितलं तर दोन मिनिटं लागतात. मी दरवेळी हे शिकवताना उगाच कॉलर ताठ करतो.

शंकेखोर

जुनी खोड, बाकी मान्य पण आपल्याला लिंग येतं म्हणून सोपं जातं हे नाही पटत. मला उलटा त्रास झाला. डोक्यात मराठी लिंग इतकं घट्ट बसलंय की तेच तिकडे जातं. हात तो, म्हणून मी परीक्षेत ठणकावून एल मानो लिहून आलो, आहे ला मानो. बरं तेही बाजूला ठेवू, पण आपलं "ते" कुठे टाकायचं? आपल्याकडे तीन खणांचं कपाट आणि तिकडे दोनच खण. घर ते, दार ते, नाक ते, दूध ते, मीठ ते. मी आपला सगळ्या "ते"ला एल लावत सुटलो, पुस्तकाला लागलं म्हणून हुशारी वाटली, बाकी सगळीकडे तोंडावर आपटलो. ला कासा, ला प्वेर्ता, ला नारिस, ला लेचे, ला साल. पाचही लावाले निघाले!

ताई, माझं ऐका, शब्द एकटा लिहूच देऊ नका. मेसा असं लिहिलं की अर्धा मार्क कापा, ला मेसा असंच लिहायचं, एल निळ्या पेनने आणि ला लाल पेनने. शेवटी ओ तर एल, आ तर ला, यात बहुतेक काम होतं, सिओन आणि दाद वर संपणारे ला, म्हणजे ला एस्तासिओन स्टेशन, ला सिउदाद शहर. अपवाद सुरुवातीला चारच द्या, ला मानो, एल दिया म्हणजे दिवस, एल मापा म्हणजे नकाशा आणि एल प्रोब्लेमा. शंका आली की रेआल अकादेमिया म्हणजे स्पॅनिश भाषेची अकादमी, तिचा कोश ऑनलाइन फुकट आहे, १७१३ पासूनची संस्था आहे, तिथे प्रत्येक शब्दापुढे लिंग दिलेलं असतं.

पाण्याचं मात्र मला आजही कळत नाही. एल आग्वा म्हणतात आणि पुढे फ्रिया लावतात, फ्रियो नाही. गार पाणी एकदा एलवालं आणि लगेच लावालं?

म्हापशेकर

माझ्या आजीची शाळा पोर्तुगीज काळातली, तिच्याकडून चार शब्द कानावर पडलेले, म्हणून मला वाटलं स्पॅनिश काय, हातचा मळ. पगार शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, स्पॅनिशमध्ये पण पगार म्हणजे पैसे चुकते करणं. पावाला ते पान म्हणतात. खूश झालो. आणि मग दुधात माशी. आजीचं दूध उ लेइत, म्हणजे तो, आणि स्पॅनिश ला लेचे, म्हणजे ती. मीठ, मध, नाक, सगळं पोर्तुगीजमध्ये तो आणि स्पॅनिशमध्ये ती. झाड आणि पूल बरोबर उलटे, पोर्तुगीजमध्ये ती, इकडे एल आर्बोल, एल प्वेन्ते. दोघी सख्ख्या बहिणी म्हणतात ना, मग दुधावरून भांडण कशाला? वर्गात गोव्याचं कोणी असेल तर ताई आधीच सावध करा त्यांना.

जुनी खोड

शंकेखोर आणि म्हापशेकर, तुम्हा दोघांचं दुखणं एकच आहे. दोघींची आई लॅटिन, आणि तिच्याकडे आपल्यासारखीच तीन लिंगं होती, तो-ती-ते. लेकींनी संसार मांडताना "ते" मोडीत काढलं. मग त्या "ते"मधले शब्द पोरके झाले, बहुतेक एलच्या घरी गेले, काही लाच्या. दूध आणि मध लॅटिनमध्ये "ते"च होते, स्पॅनिशने त्यांना ती केलं, पोर्तुगीजने तो. समुद्राचा निकाल स्पॅनिशमध्ये अजून लागलेला नाही, एरवी एल मार, पण कोळी आणि कवी ला मार म्हणतात. आणि प्रोब्लेमा, तेमा, सिस्तेमा, क्लिमा, इदिओमा हे 'मा'वाले ग्रीकमधून आलेले, तिथे तेही "ते"च, म्हणून शेवटी आ असूनही एलकडे गेले.

"ते" अगदीच मेलं नाही पण. लो म्हणून एक बारका शब्द आहे, लो ब्वेनो म्हणजे "चांगलं ते". वस्तूला लागत नाही, पण मराठी माणसाला ऐकून बरं वाटतं.

पाणी सरळ ला गटातलं. पण ला आग्वा म्हणताना दोन आ एकमेकांवर आदळतात, म्हणून एकवचनात एल. हा एल पण मूळचा पुरुषातला नव्हे, ला चं जुनं रूप एला होतं, त्याचं शेपूट तुटून राहिलेलं रूप आहे. अनेकवचन करून बघा, लास आग्वास, लगेच खरी जात कळते. साखरेचं मात्र विचारू नका, एल आसुकार ब्लांको पण चालतं आणि एल आसुकार ब्लांका पण. आणि ही साखर म्हणजे आपलीच शर्करा, अरबांच्या हातून तिकडे पोचलेली. संत्र्याचं नारान्खा पण आपलं नारिंग.

ताई, पोरांना लॅटिन सांगत बसू नका, पण काकांना सांगा, त्यांना आवडेल.

माद्रिदला टेकलेला

नऊ वर्षं इथे आहे. बैल आणि फ्लामेंको पहिल्या दिवशी नकोच, म्हणजे आपल्याकडे कोणी परका आला आणि त्याला पहिल्याच दिवशी लेझीम आणि गारुडी दाखवला तसं होतं. काकांना जे पहिल्या आठवड्यात लागेल ते सांगा. दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊ-दहाला, आठ वाजता हॉटेलात गेलात तर किचन बंद, वेटर दयेने बघतो. उजेडाचा पण घोळ, देश आहे ब्रिटनच्या रेषेत आणि १९४० पासून घड्याळ आहे जर्मनीचं, त्यामुळे जूनमध्ये पावणेदहापर्यंत लख्ख दिसतं. आणि फॉर्मवर दोन आडनावांच्या जागा असतात, सहसा आधी बापाचं मग आईचं, टेनिसवाला नदाल पुरता लिहिला तर नदाल परेरा. लग्न झालं म्हणून बाई आडनाव बदलत नाही. काकांनी दुसऱ्या जागेत वडिलांचं नाव लिहिलं तर जन्मभर तेच त्यांच्या आईचं आडनाव म्हणून फिरेल, माझं फिरतंय.

नकाशासाठी एक युक्ती. तुमची ती बदनाम मेसा आहे ना, तिचंच धाकटं रूप मेसेता. म्हणजे छोटं टेबल, आणि देशाच्या मधल्या पठाराला तेच नाव आहे. पाचगणीचं टेबललँड पोरांनी पाहिलंच असेल, ते सांगा आणि माद्रिदवर बोट ठेवा, साधारण ६५० मीटर उंची, पुण्यापेक्षा थोडी जास्त, समुद्र चहूकडून लांब. देश महाराष्ट्राच्या दीडपटीहून थोडा मोठा, माणसं महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी.

मग नद्या. स्पॅनिशमध्ये नदी म्हणजे एल रिओ, तो, त्यामुळे जवळजवळ सगळ्या नद्या पुरुष, एल एब्रो, एल ताखो, गंगासुद्धा एल गान्खेस. सिएरा म्हणजे डोंगररांग ती, म्हणून ला सिएरा नेवादा, पण पिरिनेओस आणि आंदेस हे पर्वत तो-गटात. बेटं ती, म्हणून लास कानारियास, जी आफ्रिकेच्या कुशीत आहेत आणि तिथलं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर मागे. देश फिरवता फिरवता लिंगाचा सराव आपोआप होतो, दोन तास वेगळे घ्यायला नको.

ब्राझीलवाल्या पोरीला शाबासकी द्या, प्रश्न फक्कड आहे. स्पॅनिश २० देशांची अधिकृत भाषा आहे, दक्षिण अमेरिकेतला सगळ्यात मोठा देशच नेमका त्यात नाही, तिथे पोर्तुगीज. आफ्रिकेत मात्र एक आहे, इक्वेटोरियल गिनी. आणि तोर्तिया हा शब्द दोन्ही नकाशांवर फिरवा, मेक्सिकोत मक्याची पातळ भाकरी, इथे अंड्या-बटाट्याचा जाड गोल तुकडा. बटाटा पण तिकडे ला पापा आणि इथे ला पताता.

वर्गवाली

मंडळी, काल दुसरा रविवार झाला. बस-ट्रक-ऑफिस बरोब्बर चाललं, पोरं इतकी पेटली की ढेकर तो की ती यावर दोन आयांचंच जुंपलं, एक कोल्हापूरची एक नागपूरची, मला मध्ये पडावं लागलं.

मग क्लबहाऊसच्या पँट्रीतून चमचा, काटा, सुरी आणून टेबलावर मांडले. चमचा तो, ला कुचारा. सुरी ती, एल कुचियो. काटा तेवढा तो आणि एल तेनेदोर, एकटाच शहाणा निघाला. टेबलवाला पोरगा दहा मिनिटांत सगळ्यांची परीक्षा घेत होता, चुकलं की चमचा वाजवायचा, अजून कान दुखतायत.

नद्यांपाशी मात्र काका अडले. मूळचे नाशिकचे. एल ताखो, एल एब्रो, गंगेपर्यंत सगळं लिहून घेतलं, मग म्हणाले म्हणजे आमची गोदावरी? म्हटलं हो काका, एल गोदावरी. पेन खाली ठेवलं. म्हणाले बाकी सगळं तुमच्या पद्धतीने म्हणतो, हिला मी तो म्हणणार नाही, तिकडे कोणी विचारलं तर नदीचं नावच काढणार नाही. वहीत "टेबल – बाई" खोडून "ला मेसा" केलंय मात्र, लाल पेनने.

पुढच्या रविवारी तोर्तिया. एका घरी अंडं चालत नाही, त्यांनी बेसनाचं करू का विचारलंय, म्हणजे बटाटा घातलेलं धिरडं. माद्रिदवाले, याला तोर्तिया म्हटलं तर तिकडून कोणी मारायला येईल का?