मदत हवी आहे: इटालियन गायनग्रंथातून कापलेलं 'जी' अक्षर पानाच्या कोणत्या बाजूचं?

एका खासगी संग्रहाची सूची करतेय. त्यात चर्मपत्राचा एक तुकडा आहे: सोन्याच्या वर्खावर रंगवलेलं 'जी' अक्षर, त्याच्या पोटात संतांचा घोळका. मागे लाल चार रेघांवर चौकोनी स्वर, आणि खाली 'आर-यू-एम' एवढाच शब्दाचा शेवट.

चित्रावरून 'गॉदेआमुस ओम्नेस' हे 1 नोव्हेंबरच्या, सर्व संतांच्या सणाचं प्रवेशगीत वाटतं. म्हणजे ग्रंथ मिस्साच्या (कॅथलिक उपासनाविधीच्या) गीतांचा. हेच शब्द संत अगाथा आणि मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणालाही येतात, पण तिथे एवढे संत कशाला काढतील? फ्लॉरेन्सच्या सांता मारिया देल्यी आंजेली मठाच्या ग्रंथांतली अक्षरंही अशीच कापून जगभर विखुरली, उरलेले बरेचसे ग्रंथ तिथल्याच लॉरेंशियन ग्रंथालयात आहेत. शैली जवळची वाटली तरी तेवढ्यावर मठाचं नाव लिहायला मन धजत नाही.

खरा धागा मागच्या बाजूला आहे. अक्षर ओळीच्या डाव्या टोकाला असतं, त्यामुळे मागे ओळींची उजवी टोकं दिसतात. लॅटिनमध्ये 'रुम'ने संपणारे शब्द मात्र ढिगाने! गीताच्या शब्दांशी ताडून पाहिलं, निष्कर्ष निघाला नाही. समास पूर्ण कापलेला आहे. रेघांमधलं अंतर मोजलंय, दोन्ही बाजूंचे फोटो देता येतील. तुकडा ओला करणं किंवा प्रयोगशाळेत पाठवणं शक्य नाही.

मागचे स्वर 'जी'च्या आधीच्या गीताचे (म्हणजे अक्षर पानाच्या दुसऱ्या बाजूचं) की पुढे चालू राहिलेल्या याच गीताचे (म्हणजे पहिल्या बाजूचं), हे फक्त स्वरांवरून कसं ठरवायचं?