मदत हवी आहे: बोरिवली नॅशनल पार्क आणि कान्हेरी एकाच दिवसात, सोबत गुडघेदुखीवाले बाबा आणि सहा वर्षांची मुलगी

नमस्कार मंडळी, आम्ही नुकतेच सांगलीहून अंधेरी पूर्वेला राहायला आलोय आणि पुढच्या महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे येतायत, तर त्यांना आणि लेकीला घेऊन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जायचंय. इथे बरेच बोरिवली-कांदिवलीकर आहेत म्हणून विचारतेय, प्लीज जरा नीट सांगा कारण बाबांना परत परत एवढा प्रवास जमणार नाही.

अडचण अशी की बाबांना पार्कातली कान्हेरीची लेणीच बघायचीयत. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, कार्ला-भाजे, अजिंठा, वेरूळ सगळं बघून झालंय, कान्हेरी तेवढी राहिली. तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनागृह, सातवाहनांचा राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातलं, तिथे शिलालेख आहे, हे ते आत्तापासून फोनवर सांगतायत. पण दोन्ही गुडघे गेलेत. चढताना एवढं काही वाटत नाही, उतरताना मात्र कठडा धरून आडवं होऊन एकेक पायरी उतरतात, ते बघवत नाही. आणि लेकीला वाघ, सिंह आणि झुकझुकगाडी. तिला लेण्यांत किती वेळ धरून ठेवता येईल देव जाणे.

मला जेवढं कळलंय ते असं: सोमवारी पार्क बंद असतं, मेन गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत आहे म्हणजे चालत जायचा प्रश्नच नाही, पार्कचं तिकीट वेगळं आणि लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं. आता प्रश्न:

आधी सफारी की आधी कान्हेरी? मिस्टर म्हणतायत सकाळी प्राणी हिंडताना दिसतात म्हणून सफारी आधी. मला वाटतं बाबा ताजेतवाने असतानाच लेणी करावीत.

शंभरावर लेणी आहेत म्हणतात, त्यातली कमी पायऱ्यांत होणारी कुठली?

वनराणी, म्हणजे पार्कातली झुकझुकगाडी, आता चालू आहे का? २०२१ च्या तौक्ते वादळात रुळांचं नुकसान होऊन बंद पडली होती एवढं वाचलंय.

आणि आईचा प्रश्न, तिनेच विचारायला सांगितलाय, बिबट्याचं काय? टीव्हीवर बघून बघून तिच्या डोक्यात तेच बसलंय.

प्रतिसाद

ताई, कान्हेरी आधी, डोळे झाकून. तो सगळा काळा कातळ आहे, अकरा-साडेअकरानंतर असा तापतो की धडधाकट माणूसही सावली शोधत बसतो. सफारी जाळीच्या बसमध्ये बसूनच असते, तिथे गुडघ्यांना काही त्रास नाही. फक्त आत शिरताना सफारीच्या वेळा तिकीट खिडकीवर विचारून घ्या.

अंधेरी पूर्वेला राहताय तर लोकलच्या जिन्यांच्या नादाला लागू नका, गुंदवलीहून मेट्रो धरा आणि राष्ट्रीय उद्यान स्टेशनला उतरा, लिफ्ट आहे. गेटवरून आत कान्हेरीला जायला बस मिळते. शनिवार-रविवार टाळाच, गर्दीत बाबांना बसमध्ये जागा मिळायचे वांधे.

लेण्यांचं म्हणाल तर तिकीट काढून सुरुवातीच्या पायऱ्या चढल्या की एक, दोन, तीन जवळजवळच आहेत. तीनच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना उभे बुद्ध आहेत, साधारण सात मीटर उंच, त्यांच्यासमोर बाबांना निवांत बसू द्या, घाई करू नका. मग जमलं तर अकरा नंबर, दरबार हॉल म्हणतात तो, आत दगडाचे दोन लांबच लांब बाक कोरलेत. लेकीला पाण्याच्या पोढ्या, म्हणजे कातळात खोदलेली टाकी, दाखवा, जवळपास प्रत्येक लेण्याशी आहेत, पावसाचं पाणी कातळातल्या पन्हळींतून त्यात कसं आणलंय ते मुलांना लगेच कळतं आणि आवडतं. माझा भाचा तर पन्हळ कुठून कुठे जाते तेच शोधत बसला होता.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. वनराणीचं लेकीला आधी सांगून ठेवू नका, त्या दिवशी गेटवर विचारा, चालू असली तर बसवा. नाहीतर बोटिंग आहे, तेही मुलांना चालतं.

बिबट्यांचं म्हणाल तर आहेत, पार्क सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलंय आणि बिबट्यांसाठीच प्रसिद्ध आहे. पण दिवसाढवळ्या वर्दळीच्या रस्त्यावर ते फिरकत नाहीत, मुलीला झाडीत एकटं सोडायचं नाही आणि संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर पडायचं, एवढं पाळलं की आईंना काळजी नको. खरा त्रास माकडांचा. कान्हेरीला हातात वेफर्सचं पाकीट दिसलं की संपलं, हिसकावूनच नेतात, तेव्हा खाणं सॅकमध्ये चेन लावून ठेवा. आणि प्लीज त्यांना काही घालू नका, लोकांनी खायला घालून घालूनच ती अशी झालीत. पाड्यांवरच्या मावश्या काकडी, पेरू विकायला बसतात, त्यांच्याकडून जरूर घ्या, मात्र तिथेच उभ्या उभ्या खायला लागू नका.

मूळ प्रश्नकर्ती

खूप खूप आभार दोघांचे! मंगळवार ठरवतोय, सकाळी लवकर निघून कान्हेरी, मग खाली येऊन जेवण आणि सफारी. आईला बिबट्याचं वाचून दाखवलं, आता तयार आहे.

पण बाबांनी आज नवीनच काढलंय, ४१ नंबरच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व कोरलाय तो बघितल्याशिवाय परत येणार नाही म्हणतायत. तीन नंबरपासून तिथपर्यंत किती चढ आहे आणि उतरताना धरायला काही आहे का? कोणी वयस्कर माणसाला घेऊन तिथवर गेलं असेल तर कृपया सांगा, म्हणजे त्यांना आधीच हो किंवा नाही सांगता येईल, तिथे पायथ्याशी उभं राहून नाही म्हणायला मला जमणार नाही.