प्रतिसाद: तो सिंह नव्हे, मकर

तुमच्या पणजीआजीचे हॉलमार्क (शुद्धतेचा शिक्का) नसलेले सोन्याचे तोडे मोडावेत का, असं विचारताना त्यांच्यावर 'सिंह' आहेत असं तुम्ही म्हणता, पण फोटोत वर वळलेली सोंड आणि मानेवर खवले स्पष्ट दिसताहेत. तो मकर! मगरीसारखा पौराणिक प्राणी, गंगेचं आणि वरुणाचं वाहन. सिंहाला सोंड कुठली?

मोडायची घाई नको. आमच्या गिरगावच्या आजीचे असेच तोडे झवेरी बाजारात मोडले, तर आतून लाखच लाख (राळेसारखा पदार्थ) निघाली. पोकळ तोड्यांत ती भरतातच, नाहीतर पातळ पत्रा चेपतो. वजन उतरलं आणि नक्षीही गेली. (आई अजून हळहळते.)

हॉलमार्क नाही म्हणून सोनं खोटं ठरत नाही. सोन्याचं हॉलमार्किंग आपल्याकडे २००० साली सुरू झालं, मग त्याआधीच्या दागिन्यावर ते कुठून असणार? कस तपासून घ्या, आणि 'अँटिक फिनिश'वाल्या, म्हणजे मुद्दाम जुना दिसेल असा केलेल्या नव्या मालाशी तुलना नकोच.