रंगाच्या रिकाम्या डब्या-बाटल्या: तुमच्याकडे काय होतं त्यांचं?

तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, आटोपला. लेकीचा लाकडी नंदी रंगवून झाला आणि खिडकीत अ‍ॅक्रिलिकच्या १५ मिलीच्या अकरा बाटल्या उरल्या. फेकवत नाहीत. आपापले अनुभव लिहा, फसलेले आधी. माझा घ्या: मागच्या वर्षी सगळ्या बाटल्या मोरीत विसळल्या. महिन्याभरात नळी तुंबली. प्लंबरनं आतून निळी-लाल रबरासारखी साल ओढून काढली आणि माझ्याकडे पाहून नुसता हसला.

प्रतापनगरहून
धुवून काऊन राहिल्या ताई? सुकू द्या ना! झाकण काढून दोन-चार दिवस गच्चीवर ठेवा. रुंद तोंडाच्या डबीत कडेला नखानं उचकटलं की अख्खी पापडी निघते, खाली प्लास्टिक लख्ख. बारीक तोंडाची बाटली मात्र ब्लेडनं उभी चिरावी लागते. पापडी सुक्या कचऱ्यात. माझा नातू तिच्या टिकल्या कापून भेटकार्डावर चिकटवतो.

चितार ओळीजवळून
वरचं सगळं पाण्यात मिसळणाऱ्या रंगापुरतं. माझं बोर्ड रंगवायचं काम, ऑइल पेंटचे डबे रोजचे. टर्पेंटाइननं विसळून नालीत ओतणं म्हणजे पाप. बुडाशी उरलेल्यात लाकडाचा भुसा टाकतो, उघड्यावर कडक होऊ देतो. ओला डबा कबाडी हातात घेत नाही, वाळलेला लोखंडाच्या भावात जातो. ते सुकलेलं ढेकूळ घरगुती घातक कचऱ्यात द्यायचं. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे त्याच यादीत होते.

मानेवाड्याहून
आमचा कबाडी सुट्या बाटल्या घेतच नव्हता. म्हणे, "रंग लागला की माल कटते." मग बुडाच्या त्रिकोणातला प्लास्टिकच्या प्रकाराचा आकडा पाहून वेगळ्या केल्या. माझ्याकडच्या बहुतेकांवर ५, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. साफ करून पोतंभर साठवल्या, तेव्हा कुठे नेल्या. पैसे विचारू नका, चहाही नाही झाला.

त्रिमूर्तीनगरहून
२० लिटरची डिस्टेंपरची बादली, तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरनं बुडाला सहा भोकं, त्यात वांगी. मस्त येतात. फसलं ते हे: पत्र्याच्या डब्यात चिमण्यांसाठी पाणी ठेवलं. मे महिन्यात दुपारी बोट घातलं तर चटका! चिमण्या शेजारच्या मातीच्या परळाकडे. आणि कितीही घासा, धान्य-मसाले या डब्यांत नकोच. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा लागू झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीचा डबा असेल तर पोरांच्या हातीही देऊ नका.

धागाकर्ती
अकरापैकी चार वाळत घातल्यात. एका मोठ्या डबीचं झाकण आधीच कामी आलं होतं, सांगायचं राहिलं. नंदीचं मागचं चाक ऐनवेळी हरवलं, तिथे तेच खिळ्यानं ठोकलं. जरा लंगडत चालला, पण बोजारा (नंदी घेऊन दारी गेलं की मिळणारा खाऊ-पैसा) गल्लीभर मिळाला.