जुनी फिरती बँड सॉ, कंपनीचा पत्ता नाही: तिसऱ्या फळीपासून काप लाटा मारतोय

रंधा, तुर्भे

मंडळी, एक जुनी फिरती आडवी बँड सॉ (दोन चाकांवर पट्टीसारखं पातं फिरवणारी करवत) चालू करायची आहे. ओंडका खाली स्थिर आणि मशीनचं डोकं रुळावरून ढकलत न्यायचं, त्या प्रकारची. नावाच्या पट्टीवर 'मेक' आणि 'नं.' एवढीच अक्षरं उरलीत, त्यामुळे मॅन्युअलचा प्रश्नच नाही. मोजमापं अशी:

चाकं बिडाची, दोन्ही सारखी. घळीत बी सेक्शनचा व्ही-बेल्ट बसवलाय, त्याच्यावरून व्यास ४८५ मिमी. मोटर ७.५ एचपी, थ्री फेज, १४४० आरपीएम. मोटरवर ६ इंची पुली, चाकाच्या शाफ्टवर ७ इंची. ताणाला एम-२० चा स्क्रू, तो थेट चाकाचा ब्लॉक ढकलतो. पातं ३२ मिमी रुंद, १.०७ मिमी जाड. रूळ २० फुटी, अँगलचे.

बेअरिंगं बदलली, रूळ पाणसळीने सरळ केले. पावसात पडलेल्या रेन ट्रीचा ओंडका लावला. पहिल्या दोन फळ्या एकदम सरळ. तिसरीपासून काप लाटा मारतो, १० फुटांत ४-५ मिमीचा चढउतार. शिवाय पातं दुसऱ्या दिवशी दातांच्या खाचेतून तडकतं. लांबी किती मागवायची हेही कळत नाही, सध्याचं पातं तुकडा लावून जोडलेलं आहे.

ओळंबा, वागळे इस्टेट

रूळ सोडा. रुळाचा दोष असता तर पहिलीच फळी वाकडी आली असती. थंड असताना नीट चालतं आणि गरम झाल्यावर बिघडतं, म्हणजे ताण सुटतोय.

हिशेब करून बघा. पात्याचा छेद ३२ × १.०७, म्हणजे साधारण ३४ चौ. मिमी. दर चौ. मिमीला १४० न्यूटन ताण धरला तर पात्याच्या एका पदराला (दोन चाकांमधल्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला) ४८०० न्यूटन, दोन पदरांचे मिळून चाकावर ९६०० न्यूटन, जवळजवळ एक टन. आता पातं ३० अंशांनी तापलं की ४ मीटरच्या पात्याची लांबी १.४ मिमीने वाढते. ऐकायला काहीच नाही, पण तुमचा स्क्रू ताठ आहे, तो मागे सरकून ही वाढ खात नाही. तेवढ्यात १४० पैकी ७० न्यूटन गेले. अर्ध्या ताणावर पातं गाठ दिसली की वर चढणार किंवा खाली बुडणार.

उपाय स्वस्त आहे. स्क्रू आणि ब्लॉक यांच्यामध्ये डिस्क स्प्रिंगची चळत टाका (वाटीसारखे वॉशर, पाठीला पाठ लावून). एक टनाला चळत १० मिमी दबेल अशी निवडा. मग चाक ०.७ मिमी सरकलं तरी ताण ७ टक्केच उतरतो. ताण मोजायचा गेज नसेल तर ग्रीस लावलेल्या एम-२० स्क्रूला टॉर्क रेंचने ३५ ते ४० न्यूटन-मीटर. काम संपलं की स्क्रू सैल करायचा. गरम पातं तसंच ताणून ठेवलं तर थंड होताना आखडतं आणि बेअरिंग, चाकावरचे बेल्ट, सगळ्यांची कंबर मोडतं.

दुसरं, तडे. त्याला कारण वेग. १४४० × ६ ÷ ७ = १२३४ आरपीएम, म्हणजे पातं सेकंदाला ३१ मीटर. या चाकांना २५ पुरे. शाफ्टवर ९ इंची पुली घाला: ९६० आरपीएम, २४.४ मीटर. ड्राइव्ह बेल्ट सुमारे ३ इंच मोठा घ्यावा लागेल, आधी मोटर सरकवायच्या खाचेत जागा किती ते बघा.

लांबी: चाकाचा घेर अधिक दोन्ही केंद्रांमधल्या अंतराची दुप्पट. व्यास बेल्टवरून धरा, बिडावरून नाही. स्क्रू पाव भाग बाहेर असताना अंतर मोजा. ते १२४३ मिमी भरलं तर १५२४ + २४८६ = ४०१० मिमी.

भुसा, कोलशेत

वरचं बरोबर, पण तड्यांचा दोष फक्त वेगावर टाकू नका. तडा कुठून सुरू होतो ते बघा. पाठीकडून आला तर गाईड रोलरची (कापाजवळ पात्याला आधार देणाऱ्या चाकाची) कड पात्याला सतत घासतेय. खाचेतून आला, जसा तुमचा, तर पातं वाकून वाकून थकलंय. ४८५ च्या चाकावर १.०७ जाडीचं पातं वळताना जो ताण येतो तो दर चौ. मिमीला ४५० न्यूटनच्या आसपास, म्हणजे स्क्रूने दिलेल्याच्या तिप्पट. सध्याच्या वेगाला तासाभरात अशी ५६ हजार वळणं होतात. बोथट दाताने रेटत राहिलात किंवा धार लावताना जास्त तापून खाच निळी पडली तर तडा तिथूनच. वेग उतरवूनही तडे थांबले नाहीत तर ०.९ मिमी जाडीचं पातं घ्या आणि जरा हळू ढकला.

गाईड रोलरने पातं दोन सूत (६ मिमी) खाली दाबलेलं हवं. मागची कड रिकामं चालताना पात्यापासून १.५ ते ३ मिमी लांब. दातांची खाच चाकाच्या पुढच्या काठाबाहेर एक सूत. चाकावरचा बेल्ट झिजून पातं बिडाला टेकत असेल तर दातांचं वळण बिघडतं. १९ इंची चाकाला बी-५७ बसतो. दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदला.

ओल्या रेन ट्रीचे तंतू लोकरीसारखे निघतात आणि भुसा कापात दाटतो. दात प्रत्येक बाजूला ०.५५ मिमी फाकवा. सुक्या सागाला ०.४५ पुरे, मात्र सागात सिलिका असते, धार लवकर जाते. पात्यावर पाणी थेंब थेंब सोडा, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचे चार थेंब.

आणि बिडाची चाकं चढवण्याआधी टांगून हातोडीने हलकं वाजवा. घंटेसारखा नाद यायला हवा. बद्द आवाज आला तर डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) लावून चीर शोधा. चीर सापडली तर चाक भंगारात. बिडाला वेल्डिंग करून फिरवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

रंधा, तुर्भे

खाच निळीच आहे, धार हातग्राइंडरने लावली होती. अंतर १२३८ भरलं, म्हणजे ४००० मिमी मागवतो ना? डिस्क स्प्रिंग कुठे मिळतील?

ओळंबा, वागळे इस्टेट

हो, ४०००. स्प्रिंग नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगवाल्यांकडे विचारा, बाहेरचा व्यास आणि भार सांगून. आतलं भोक स्क्रूच्या मापाचं हवं, नाहीतर चळत सरकते.

वखारकर, कळवा

मशीन नीट होईल, पण परवाना? सॉ मिलला वनखात्याचा परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन या जंगल वाचवण्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २००२ मध्ये विनापरवाना गिरण्यांना चाप लावला, नंतर केंद्राची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आली. फिरती आहे म्हणून सुटका होईल असं गृहीत धरू नका, ठाण्याच्या उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी विचारा. शहरातलं झाड असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली पालिकेची परवानगीही जवळ ठेवा.

आणि रस्त्याकडेचा ओंडका असेल तर हात पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंत मेटल डिटेक्टर फिरवा. जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे साल वाढून आत गाडले जातात. साल काढल्यावर लाकडावर काळानिळा डाग दिसला तर तिथे खिळा आहेच असं समजा.

भुसा, कोलशेत

मोटर पावसाळाभर पडून असेल तर चालू करण्याआधी ५०० व्होल्टचा मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. एक मेगाओहमच्या खाली आलं तर वाइंडिंगजवळ १०० वॉटचा बल्ब रात्रभर, मगच स्टार्टर.