मदत हवी आहे: आजोबांच्या पापाचे फळ नातवाला का?

महाभारताच्या आदिपर्वात असुरराजा वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा ही असुरगुरू शुक्राचार्यांची मुलगी देवयानी हिला विहिरीत ढकलते, तेव्हा संतापलेले शुक्राचार्य वृषपर्व्याला बजावतात, की पाप करणाऱ्याला स्वतःला ते भोवले नाही, तरी त्याच्या मुलांना किंवा नातवंडांना भोवल्यावाचून राहत नाही, जसे जड अन्न पोटात गेल्यावर बाधतेच. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही हाच आशय येतो. परंतु ज्याचे कर्म त्यालाच फळ, हे मानले तर नातवाचा अपराध कोणता? त्याने तर ते अन्न चाखलेलेही नसते! मला तरी हा न्यायापेक्षा राजाला घातलेला धाकच वाटतो. महाभारतावर संस्कृत टीका (भाष्य) लिहिणाऱ्या, कोपरगावच्या घराण्यातील नीलकंठ चतुर्धरांनी किंवा अन्य टीकाकारांनी ही विसंगती कशी सोडवली आहे, हे जाणकारांनी कृपया संदर्भासह सांगावे. विवेचन मराठीत असल्यास फारच उत्तम.