मिसिसिपीतला गरीब, लंडनचा साहेब आणि पुण्यातली दाढ

फुलपात्र (श्टुटगार्ट)

परवा इथे एका काकांनी ठोकून दिलं: "मिसिसिपी हे अमेरिकेतलं सगळ्यात गरीब राज्य, पण त्याचंही दरडोई उत्पादन ब्रिटनच्या आसपास. अमेरिकेतल्या गरिबाच्या दारात गाडी असते, घरात एसी असतो. युरोपचे गोडवे पुरे झाले." दोन दिवस गप्प बसले. आता नाही बसवत.

काका, त्याच मिसिसिपीत २०२१ साली सरासरी आयुर्मान ७०.९ वर्षं होतं. तुमच्या त्या भिकारड्या ब्रिटनमध्ये ऐंशीच्या आसपास. म्हणजे एसीची हवा खात माणसं नऊ-दहा वर्षं आधी जातात. आणि खर्च? अमेरिका जीडीपीच्या १७ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर घालवते, जर्मनी १२-१३ टक्के. जास्त पैसे मोजून लवकर मरायचं, ही कुठली श्रीमंती?

माझंच सांगते. गेल्या वर्षी पित्ताशय काढलं. चार दिवस इस्पितळात होते. खिशातून गेले ४० युरो. दिवसाला १० याप्रमाणे, आणि तेही वर्षाला फक्त २८ दिवसांपर्यंत. न्यू जर्सीत माझ्या जाऊबाईंचं हेच ऑपरेशन झालं, चांगला विमा असून. सर्जनचं बिल वेगळं, भूल देणाऱ्याचं वेगळं, लॅबचं वेगळं. सहा महिने पत्रं येत होती. शेवटी शेवटी त्या पोस्टमनलाच घाबरायला लागल्या.

हडसनकाठ

ते काका मीच. वय ४८, पण म्हणा काका, चालेल.

४० युरोंत ऑपरेशन झालं हे वाचून डोळे पाणावले. आता पगाराची चिठ्ठी काढा आणि आरोग्य विम्याची १४.६ टक्के अधिक पुरवणी वर्गणी किती होते तेही लिहा. "अर्धे कंपनी भरते" हे सांगू नका. कंपनी काही मामाचं घर नाही, ती ते तुमच्या पगारातच धरते.

दुसरं, गरिबी मोजायची फूटपट्टी. युरोपात मधल्या उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखाली गेलात की तुम्ही गरिबीच्या काठावर. अमेरिकेची अधिकृत रेषा मोली ओर्शान्स्की या बाईंनी साठच्या दशकात आखली, स्वस्तातल्या जेवणखर्चाच्या तिप्पट. त्यानंतर ती फक्त महागाईबरोबर सरकवतात. शिवाय ती मोजताना फूड स्टँप (गरिबांना किराण्यासाठी सरकारी मदत) आणि मेडिकेड (गरिबांचा सरकारी विमा) धरतच नाहीत. एकाची उंची आणि दुसऱ्याचं वजन घेऊन कोण मोठा ते ठरवताय.

फुलपात्र (श्टुटगार्ट)

कंपनी पगारातच धरते, हे मान्य. मग तुमची कंपनी काय पदरचे भरते? २०२४ मध्ये अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंब विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला २५,५७२ डॉलर होता. त्यातला चौथा हिस्सा तुम्हाला दिसतो, उरलेला तुमच्याच न्यायाने तुमच्या पगारातून जातो. काढा टक्केवारी.

बाभूळकाटा (ह्यूस्टन)

काकांना फूड स्टँप धरलेली मोजणी हवी आहे ना? तीही जनगणनावाले करतात. त्यात मुलांमधली गरिबी २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आली, कारण घरटी मुलांमागे जास्तीचे पैसे दिले. ती मदत बंद झाली आणि २०२२ मध्ये आकडा १२.४. एका वर्षात दुपटीहून जास्त. पोरं काय अचानक आळशी झाली?

आणि मेडिकेडचं कौतुक टेक्सासात येऊन करा. ओबामांच्या कायद्यातली मेडिकेडची वाढ इथे घेतलीच नाही. धडधाकट, बिनमुलाबाळांचा माणूस कितीही गरीब असला तरी त्याला मेडिकेड नाही. दारिद्र्यरेषेखाली असला तर बाजारातल्या विम्यावर सवलतही नाही, ती रेषेच्या वरच्यांना. थोडा कमी गरीब असता तर मदत मिळाली असती, असा प्रकार.

हडसनकाठ

इमर्जन्सीत कुणालाही परत पाठवता येत नाही. १९८६ चा कायदा आहे. हे सोयीस्कर विसरता.

बाभूळकाटा (ह्यूस्टन)

परत पाठवता येत नाही, बिल मात्र पाठवता येतं. आणि तब्येत स्थिर केली की त्यांची जबाबदारी संपली. केमो इमर्जन्सीत मिळते का, काका?

थेम्सवरचा_पोपट

"युरोप, युरोप" काय चाललंय? ५ जुलै १९४८ पासून आमच्याकडे सगळं फुकट आहे, फक्त नंबर लागायला हवा. २०२३ च्या शरदात इंग्लंडमध्ये प्रतीक्षायादी ७७ लाखांवर गेली होती. आणि "फुकट"चं म्हणाल, तर आम्ही चौघं पाच वर्षांच्या व्हिसावर. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड, मुलांचे ७७६, सगळे आगाऊ. १८ हजारांवर पौंड एका क्लिकमध्ये गेले. वर पगारातून सगळ्यांसारखा विमाकर आहेच.

एवढं भरून दाढ तुटली तर सरकारी दरात बघणारा डेंटिस्ट सापडेना. अकरा ठिकाणी फोन केले. खासगीतला आकडा ऐकून दाढ आपोआप दुखायची थांबली. शेवटी पुण्याला जाऊन दोन रूट कॅनल, दोन कॅप, शिवाय मामेबहिणीचं लग्न आणि हापूस. तिकीट धरूनही स्वस्त.

निवांत_नानू (झ्युरिक)

+१. मीही दाढा पुण्यातच करतो. स्विस विम्यात दात धरतच नाहीत. १९९६ पासून प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून विमा घ्यायचा, कंपनी एक रॅपनही देत नाही. हप्ता कमी बसावा म्हणून मी पहिले २,५०० फ्रँक स्वतः भरायचा पर्याय घेतलाय. त्यामुळे आता डॉक्टर दिसला की रस्ता ओलांडतो.

मुळामुठा

तुम्ही पौंड-फ्रँक घेऊन येता आणि भोगतो आम्ही. माझ्या गल्लीतल्या दवाखान्यात "परदेशस्थांसाठी विशेष पॅकेज" असा बोर्ड लागलाय. आधी फ्लॅटचे भाव चढवलेत, आता दाढेचे. मला डिसेंबरात अपॉइंटमेंट मागितली तर म्हणे जानेवारीत या, एनआरआय सीझन आहे! ही बघा आमची प्रतीक्षायादी.

शेवंती

मी डेंटिस्ट आहे, पुण्यातलीच. बोलू का?

तुम्ही मंगळवारी येता आणि म्हणता, "शनिवारी फ्लाइट आहे, चार दाढा बघून टाका." इन्फेक्शन शांत व्हायला वेळ लागतो, कॅप लॅबमध्ये बनते, तिथे माणसं काम करतात. घाई करायला लावता, मग विमानात काजूकतली खाता आणि हीथ्रोवरून कॅपचा फोटो व्हॉट्सॲपवर. रात्री दोन वाजता. खाली लिहिलेलं, "हे नॉर्मल आहे का?"

थेम्सवरचा_पोपट

हीथ्रो नाही, दोहा. आणि चिक्की होती.

शेवंती

तुम्हीच का ते!

निवांत_नानू (झ्युरिक)

अवांतर: कॅप झिर्कोनियाची घ्यावी की मेटल सिरॅमिकची?

फुलपात्र (श्टुटगार्ट)

अहो, लाज वाटू द्या थोडी! धागा गरिबीवर आहे. मिसिसिपीत तासावर राबणारा माणूस दाढ दुखली म्हणून पुण्याला जाणार आहे का? तुमच्या मामेबहिणीच्या लग्नाला? इथे प्रत्येक जण आपापली पावती घेऊन आलाय. आणि अमेरिकेत निम्म्याहून जास्त, ६२ टक्के, दिवाळखोऱ्या आजारपणामुळे होतात, त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही.

हडसनकाठ

पहिली पावती कुणी आणली? ४० युरोंची?

आणि विदा (डेटा) नीट द्या. तो ६२ टक्क्यांचा आकडा दिवाळखोरांनाच विचारून काढलेला. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये उलट बाजूने मोजलं, इस्पितळात भरती झालेल्यांपैकी किती जणांचं दिवाळं निघालं ते. पासष्टीच्या आतल्यांच्या दिवाळखोऱ्यांपैकी जेमतेम ४ टक्के भरतीमुळे निघाल्या.

बाभूळकाटा (ह्यूस्टन)

दिवाळखोरीचा अर्ज करायलाही वकील लागतो, त्याला फी लागते. आमच्या शेजारच्या आजींनी अर्ज केला नाही, त्यांच्या ४ टक्क्यांत त्या नाहीत. त्यांनी फक्त वसुलीवाल्यांचे फोन घेणं बंद केलं आणि गोळ्या अर्ध्या करून खायला लागल्या. टाका कुठल्या रकान्यात टाकता ते.

फुलपात्र (श्टुटगार्ट)

६२ चा आकडा मागे घेते. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली होती तेव्हा आमचा विमा एक दिवसही तुटला नाही, ते मात्र मागे घेत नाही. काका, तुमच्याकडे काय होतं?

हडसनकाठ

काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. मे २०२० मध्ये माझी गेली. कंपनीचा जुना विमा कोब्रा कायद्याखाली चालू ठेवायचा तर महिन्याला एकोणीसशे डॉलर, पगार शून्य. मुलीला टाइप वन मधुमेह. तीन महिने भरले, चौथ्या महिन्यात भावाने नाशिकहून पैसे पाठवले. नाशिकहून अमेरिकेला! ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात पगार गोठवले, कंपन्यांनी माणसं टिकवायला विमा द्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून तो नोकरीच्या शेपटीला बांधलेला आहे. तेवढा मूर्खपणा मान्य. तेवढाच. फूटपट्टीचा मुद्दा सोडलेला नाही.

फुलपात्र (श्टुटगार्ट)

मुलगी कशी आहे आता?

हडसनकाठ

बरी आहे. कॉलेजला गेली. माझ्या विम्यावर आहे, सव्वीसपर्यंत. ओबामाकृपा, बास?

मुळामुठा

काका, तुमची दाढ कुठे करता ते राहिलं.

हडसनकाठ

प्रश्नाचा धाग्याशी संबंध नाही.

शेवंती

डिसेंबर, १८ ते २१. नाव ओळखलं मी. या वेळी निदान दहा दिवस काढून या.